बुटक्या स्टुलांवरचं व्हिएतनाम

‘एकदा पाठीवर सॅक टाकून निघूया’ असं मी आणि मानसी कॉलेजपासून म्हणत आलो आहोत. शेवटी दोघींच्याही घरी कुणाचीच बोर्डाची परीक्षा नाही असा मार्च सापडला, २०२५ चा. व्हिएतनाम निवडायची कारणं अगदी व्यवहारी होती: मुंबईहून थेट विमान, २५ डॉलरचा ई-व्हिसा आणि खिशाला परवडणारी राहणी. मानसी सांगलीची, पक्की शाकाहारी. अंडं खाते, बिअर पिते, पण मासळीचा वास आला की खोली बदलते. मी ठाण्याची, सर्वभक्षी. उत्तरेला हनोईत उतरायचं आणि दक्षिणेला सायगावहून परतायचं, एवढंच ठरलं होतं. उत्तरेतला बेटांचा प्रसिद्ध उपसागर ‘हा लाँग बे’ यादीतून काढला तेव्हा ओळखीच्या निम्म्या लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं. पण क्रूझवर दोन दिवस घालवण्यापेक्षा आम्हाला रस्ते हवे होते, त्यातही रात्रीचे.

शुक्रवार, हनोई

मार्चमधलं हनोई म्हणजे न थांबणारी झिमझिम. पाऊस म्हणावा तर भिजत नाही, नाही म्हणावं तर काहीही वाळत नाही. हॉस्टेलच्या फरशीला घाम फुटलेला. सुती कपड्यांपेक्षा पटकन वाळणारे कपडे न्या आणि एक पातळ जॅकेट ठेवा. संध्याकाळी चांगलं गार होतं.

जुन्या शहरात ज्या त्या गल्लीला तिच्या धंद्याचं नाव आहे. हांग बाक चांदीची, हांग गाय नावाने अंबाडीची पण आता रेशमाची, हांग मा पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंची. या शेवटच्या गल्लीत कागदाचे बूट, कागदाचे मोबाइल, कागदाची आख्खी मोटारसायकल टांगलेली होती. रस्ता ओलांडायचं तंत्र एकदा कळलं की सोपं आहे: थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीने जायचं. स्कूटर तुम्हाला वळसा घालून जातात. मानसीने पहिल्या दिवशी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. आम्ही नेमक्या त्या वेळी पोहोचलो. लहान मुलं बॅटरीच्या गाड्या पळवत होती, साठीच्या बायका स्पीकर लावून एरोबिक्स करत होत्या, एक आजोबा एकटेच डोळे मिटून वॉल्ट्झच्या तालावर गिरक्या घेत होते. लाल पुलावरून न्गोक सोन देवळात जाता येतं. ले लोई राजाने चिन्यांना हाकलल्यावर याच तळ्यात सोनेरी कासवाला तलवार परत केली, अशी कथा आहे.

तिथून ता हिएन. हनोईची प्रसिद्ध बिअर गल्ली. गल्ली कसली, बोळ आहे. दोन्हीकडून बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं इतकी पुढे आलेली की मधून चालणाऱ्याला आपले गुडघे पोटाशी घेऊन वाट द्यावी लागते. इथे ‘बिआ होई’ प्यायची. रोज ताजी बनते, टिकवण्यासाठी त्यात काही घालत नाहीत, म्हणून पिंप त्याच दिवशी संपवायचं. तीन-चार टक्के अल्कोहोल, हिरवट बुडबुड्यांच्या काचेचा जाड ग्लास, आपले पन्नास-साठ रुपये. चवीला पातळ आहे, उगाच कौतुक करणार नाही, पण दोन तास गप्पा मारायला उत्तम.

शेजारच्या टेबलावर ऑफिसातल्या आठ-दहा बायका होत्या. दुसऱ्या दिवशी ८ मार्च, त्याची पार्टी आदल्या रात्रीच सुरू झाली होती. दर पाच मिनिटांनी ‘मोत, हाय, बा, झो!’ असा एक-दोन-तीनचा गजर आणि ग्लास रिकामे. तिसऱ्या गजराला त्यांनी आमची स्टुलंही आपल्याकडे ओढली. मध्येच गल्लीच्या टोकाला पोलिसांची गाडी दिसली. काही कळायच्या आत वेटर पोरांनी पुढची टेबलं-स्टुलं आत ओढली आणि आम्ही सगळ्याजणी ग्लास हातात धरून रस्त्यावर उभ्या. गाडी गेली, स्टुलं परत जागेवर. कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा नाही.

साडेअकराला आम्ही चालत हॉस्टेलवर गेलो. अर्ध्या वाटेत मानसी म्हणाली, “ए, तुझ्या लक्षात आलं का? आपल्याकडे कुणी बघतच नाहीये.” मग मी बघायला लागले. सूपच्या गाडीवर बाई, पार्किंगच्या पावत्या फाडणारी बाई, एकटी स्कूटरवर जाणारी बाई, फुटपाथवर सिगरेट ओढत भांडणारी बाई. आम्ही त्या गर्दीतल्या आणखी दोन.

पैशांचं एक सांगते. तिथलं चलन डाँग. किमतीची शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणायचं, की रुपये कळतात. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळी. त्या दोन्ही एका कप्प्यात ठेवू नका.

शनिवार, हनोई

सकाळी हो चि मिन्ह यांची समाधी. सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, इतर दिवशी फक्त सकाळी. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बोलायचं नाही, फोटो नाही, खिशात हातही घालायचा नाही. बाहेरच्या बा दिन्ह चौकात त्यांनी २ सप्टेंबर १९४५ ला स्वातंत्र्याची घोषणा वाचली. आत काचेच्या पेटीत ते निजलेले दिसतात. रांग थांबत नाही, अर्ध्या मिनिटात आपण बाहेर.

बाहेर आलो तर सगळं शहर गुलाबांनी भरलेलं. स्कूटरच्या मागे बादल्या, बादल्यांत फुलं. महिला दिन तिथे वाढदिवसासारखा साजरा होतो. हॉस्टेलच्या मालकीणबाईंनी आम्हा दोघींना एकेक गुलाब दिला आणि स्वतःच्या मुलाला गल्ल्यावर बसवून मैत्रिणींबरोबर निघून गेल्या.

त्या मुहूर्तावर आम्ही महिला संग्रहालय बघितलं. माझ्या मते हनोईतलं सगळ्यात चांगलं संग्रहालय हेच. ट्रुंग भगिनींनी इसवी सन ४० मध्ये चिनी हान सत्तेविरुद्ध बंड करून तीन वर्षं राज्य केलं. जवळपास प्रत्येक शहरात त्यांच्या नावाचा रस्ता असतो. १९६० साली बेन त्रे प्रांतात उठावाचं नेतृत्व करणाऱ्या आणि पुढे दक्षिणेतल्या मुक्तिसेनेच्या उपप्रमुख झालेल्या न्गुएन थि दिन्ह इथे भेटतात. त्यांच्या बायकांच्या दलाला ‘लांब केसांची फौज’ म्हणत. पण मला जास्त धरून ठेवलं ते खांद्यावर कावड घेऊन शहरात भाजी-फळं विकणाऱ्या बायकांच्या दालनाने. गावाकडे मुलं ठेवून या बायका हनोईत भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहतात. कालपर्यंत ज्यांचे आम्ही फोटो काढत होतो, त्यांच्याकडून नंतर आम्ही घासाघीस न करता केळी घेतली.

संध्याकाळी अंड्याची कॉफी. १९४६ साली दूध मिळेना म्हणून मेट्रोपोल हॉटेलातल्या न्गुएन वान जियांग यांनी अंड्याचा बलक साखरेत फेटून कॉफीवर घातला. त्यांच्या कुटुंबाचं कॅफे जियांग अजून चालू आहे; एका अंधाऱ्या बोळातून आत जावं लागतं. वास येईल ही भीती काढून टाका. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. मानसीने दोन प्यायल्या आणि रात्री दोनपर्यंत मला जागवलं.

रविवार-सोमवार, निन्ह बिन्ह

बसने दोन तास. भातखाचरांतून सरळसोट उगवलेले चुनखडीचे डोंगर, मधून नदी. होमस्टेच्या काकूंनी संध्याकाळी जेवायला विचारलं. मानसीने मोबाइलवर लिहिलेलं वाचून दाखवलं की मांस नाही, मासे नाहीत, मासळीचा सॉसही नाही. काकू स्वयंपाकघरात गेल्या, पुन्हा बाहेर आल्या, मोबाइलकडे पाहिलं, मानसीकडे पाहिलं आणि बहुधा मनात ‘अरेरे’ म्हणाल्या. मग टोफू टोमॅटोत शिजवून, हिरवी पालेभाजी लसणावर परतून आणि शेंगदाण्याचं कूट तिळात घालून भातासोबत आलं. ते शेंगदाण्याचं कूट पाहून मानसीचे डोळे भरून यायचेच बाकी होते.

त्या घरी महिला दिन अजून संपला नव्हता. रात्री आठला शेजारच्या अंगणात चाकांवरचा भलामोठा स्पीकर आला आणि कराओके सुरू झाला. गावातल्या बायका, एक पंचाहत्तरीची आजी, तांदळाच्या दारूचे छोटे पेले. दारू कडक असते, घोट घोट घ्या. माइक फिरत फिरत आमच्याकडे आला. कराओकेत मराठी गाणं कुठून असणार? मग संगीताशिवायच एक कोळीगीत म्हटलं, मानसीने टाळ्यांचा ठेका धरला. दुसऱ्या कडव्याला आजी उठून नाचायला लागल्या, आणि त्या बसेपर्यंत आम्हाला थांबायची सोय नव्हती. दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद. पहाटे शेतावर जायचं होतं सगळ्यांना.

सोमवारी त्रांग आनमध्ये होडी. तिकीट अडीच लाख डाँग, म्हणजे साधारण साडेआठशे रुपये, आणि फेरी तीन तासांची. होड्या वल्हवणाऱ्या बहुतेक बायकाच. होडी गुहांतून जाते; काही ठिकाणी छत इतकं खाली येतं की वाकून गुडघ्यात डोकं घालावं लागतं. आमच्या होडीवालीने दोन जादा वल्ही आमच्या हातात दिली आणि आम्ही वल्हवायला लागताच होडी गोल फिरली. ती पोट धरून हसली. सकाळी आठच्या आत पोहोचा. दहानंतर सहलींच्या बसेस येतात. तेवढ्यात दुपार मोकळी मिळाली तर मुआ गुहेवरच्या पाचशे पायऱ्या चढा, पण गुडघे सांभाळून.

रात्री स्लीपर ट्रेन. ज्या एजंटकडून तिकिटं काढली त्याने आम्हाला दोन वेगळ्या डब्यांत टाकलं होतं. माझ्या डब्यात नातवाला घेऊन निघालेल्या एक आजी होत्या. त्यांनी मोबाइलवरच्या अनुवादातून विचारलं, “नवरा कुठे?” मी म्हटलं, घरी. थोडा वेळ विचार करून त्यांनी पुन्हा टाइप करून दाखवलं: “छान. त्याला स्वयंपाक येतो का?” मग सगळी हकीकत ऐकून त्यांनी नातवाला उचलून मानसीच्या बर्थवर पाठवलं, स्वतःही गेल्या आणि मानसी माझ्याकडे आली. तिकीट तपासनिसाने काही विचारलं नाही.

मंगळवार-बुधवार, ह्युए

१८०२ ते १९४५ न्गुएन घराण्याची ही राजधानी. राजवाडा मोठा आहे, पण व्हिएतनाम युद्धातल्या १९६८ च्या लढाईत त्याचा बराच भाग जमीनदोस्त झाला. मोकळ्या गवतात नुसते चौथरे दिसतात. थिएन मू पॅगोडात मात्र आम्ही रेंगाळलो. तिथे एक जुनी निळी ऑस्टिन मोटार ठेवली आहे. ११ जून १९६३ ला थिच क्वांग डुक हे भिक्खू याच गाडीतून सायगावच्या चौकात गेले आणि बौद्धांवरच्या दडपशाहीच्या निषेधार्थ त्यांनी स्वतःला जाळून घेतलं. शाळकरी मुलांची रांग गाडीसमोरून चालली होती, त्यांची दंगामस्ती तेवढ्यापुरती थांबली.

ह्युएची मिठाची कॉफी प्या. ऐकायला विचित्र, पण घट्ट सायीतल्या चिमूटभर मिठाने कडू कॉफीचा गोडवा वाढतो.

बुधवारी दुपारच्या गाडीने दा नांगला निघालो. या प्रवासात डाव्या बाजूची खिडकी मागून घ्या. हाय वान घाटात रूळ समुद्राच्या कड्यावरून वळत जातात आणि जंगलाच्या फटींतून खाली निर्मनुष्य वाळू दिसते.

गुरुवार, होई आन

चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री होई आनच्या जुन्या गावात विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. तारीख जुळून आली होती, पण गंमत वेगळीच: आमच्याकडे त्याच रात्री होळी. घरच्या ग्रुपवर पुरणपोळ्यांचे फोटो पडत होते, आणि इथे नदीत कागदी दिवे सोडले जात होते. जपानी पुलाजवळ आणि नदीकाठी गर्दी मात्र असह्य; सेल्फी-स्टिकने डोळा जायची पाळी. दोन गल्ल्या आत शिरलो तर एकदम शांतता. घरोघरी दाराबाहेर छोटं टेबल, त्यावर फळं, फुलं, उदबत्त्या. एका आजोबांनी आम्हाला दारात थबकलेलं पाहिलं आणि टेबलावरची दोन केळी हातात ठेवली. मानसीने ती कपाळाला लावून घेतली. आजोबांनी मान डोलावली.

होई आन शिंप्यांसाठी प्रसिद्ध. सगळे सूट आणि झगे शिवतात. मानसीने सांगलीहून खणाचा तुकडा आणि मापाचं ब्लाउज ठरवून आणलं होतं. शिंपीणबाईंनी ते ब्लाउज उलटं करून, उसवून, बाहीची काठजोड नखाने तपासून पाहिली. चोवीस तासांत तयार. सांगलीच्या शिंप्याने दिवाळीआधीचं ब्लाउज संक्रांतीला दिलं होतं, ते मानसीने त्या बाईंना मोबाइलवरून समजावून सांगितलं. दोघींची टाळी पडली.

शुक्रवार, मी सोन

पौर्णिमेला आणि अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी अनेक बौद्ध लोक शाकाहारी जेवतात. त्यामुळे शुक्रवारी मानसीची चंगळ. पाटीवर सी, एच, ए, वाय ही अक्षरं, म्हणजे ‘शाकाहारी’, दिसली की डोळे मिटून आत जायचं. काओ लाउ नावाचे जाड शेवयांसारखे नूडल्स, टोफू, कुरकुरीत पापडीचे तुकडे. अडचण एकच, सोयाबीनचं इतकं हुबेहूब ‘मटण’ करतात की मानसीने तीनदा विचारून खात्री केली.

‘मी सोन’ होई आनपासून चाळीस किलोमीटरवर. चंपा या जुन्या राज्याच्या राजांची विटांची देवळं, चौथ्या शतकात राजा भद्रवर्मन् याने भद्रेश्वर शिवाचं देऊळ बांधल्यापासून तेराव्या शतकापर्यंतची. चुन्याशिवाय बसवलेल्या विटा, संस्कृत शिलालेख. अमेरिकी बॉम्बवर्षावात १९६९ साली इथलं सर्वांत भव्य मंदिर कोसळलं. खड्डे अजून दिसतात, त्यांत आता गवत आहे. काही मंदिरांची डागडुजी आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केली, आणि तेव्हाच, २०२० मध्ये, मातीतून वालुकाश्माचं एक शिवलिंग निघालं. पहाटेची फेरी घ्या. नऊनंतर विटा तापतात आणि माहितीपत्रकाचा पंखा होतो.

शनिवार, दा नांग

दा नांगचा ड्रॅगन पूल ६६६ मीटरचा, आणि शनिवार-रविवारी रात्री नऊला ड्रॅगन तोंडातून आधी आग आणि मग पाणी सोडतो. वर्णन ऐकून मला ही जत्रेतली करमणूक वाटली होती. तशीच आहे, पण खाली उभ्या हजारो माणसांबरोबर ओरडताना मी सात वर्षांची झाले. तोंडाकडच्या बाजूला उभं राहिलात तर भिजाल.

दुसरी गोष्ट सकाळी पाचला. ‘मी खे’ किनाऱ्यावर उजाडायच्या आधी गर्दी! आज्या पोहत होत्या, वाळूत व्यायाम चालला होता, विक्रेते कॉफी देत होते. आठला सगळे गायब, किनाऱ्यावर उरले ते फक्त परदेशी, आणि तेही लाल झालेले.

रविवार ते मंगळवार, सायगाव

अधिकृत नाव हो चि मिन्ह सिटी, बोलताना सायगाव. हनोईचं जॅकेट इथे सॅकच्या तळाला गेलं; पस्तीस अंश, अंगाला कपडे चिकटलेले.

बुई विएन ही इथली नाइटलाइफची गल्ली. माझं मत विचाराल तर तासभर बघा आणि निघा. प्रत्येक बारचा स्पीकर शेजारच्यावर मात करायला बघतो, टेबलांवर नाचणाऱ्या मुलींचे चेहरे कंटाळलेले, आणि हातात नशेसाठी हुंगायच्या गॅसचे फुगे देऊ पाहणारी पोरं. फुगे घेऊ नका. इथे पहिल्यांदा आम्ही बॅगा पुढे घेतल्या. सायगावात स्कूटरवरून मोबाइल हिसकावतात, रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका.

त्यापेक्षा पूर्वीच्या चौथ्या डिस्ट्रिक्टमधली विन्ह खान्ह गल्ली. गोगलगायी आणि शिंपल्यांची. मी नारळाच्या दुधातल्या, लेमनग्रासच्या, लसूण-लोण्यातल्या गोगलगायी सुईने टोचून टोचून खाल्ल्या. मानसीने नाकाला ओढणी लावून लोण्यातला मका खाल्ला, तरी उठायला तीच तयार नव्हती, कारण शेजारी एक वाढदिवस चालला होता आणि तिला केकचं आमंत्रण आलं होतं.

सोमवारी युद्ध-अवशेष संग्रहालय. एजंट ऑरेंजच्या, म्हणजे अमेरिकेने युद्धात जंगलांवर फवारलेल्या विषारी रसायनाच्या, दालनातून मानसी अर्ध्यात बाहेर गेली आणि अंगणातल्या रणगाड्याच्या सावलीत बसून राहिली. त्या दिवशी आणखी काही ठरवू नका. आम्ही नुसत्या चालत सुटलो आणि मारिअम्मन देवळात पोहोचलो. एकोणिसाव्या शतकात आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचं हे देऊळ. आता येणारे बहुतेक व्हिएतनामी. दगडी भिंतीला कपाळ टेकवून बायका काहीतरी पुटपुटत होत्या. पायऱ्यांवर मोगरा विकणाऱ्या बाईकडून मानसीने गजरा घेतला आणि दोन तुकडे करून एक मला माळला.

मंगळवारचं काम काकांनी नेमून दिलं होतं. ‘शिवरायांच्या गनिमी काव्यावरून प्रेरणा घेऊन व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं, तिथे महाराजांचा पुतळा आहे,’ हा फॉरवर्ड मराठी घरांत फिरतोच. काकांचा हुकूम होता, पुतळ्यासोबत फोटो पाठवा. हॉटेलात विचारलं, टॅक्सीवाल्याला विचारलं, मोबाइलवर महाराजांचं चित्र दाखवलं. सगळ्यांनी आपुलकीने मान हलवली, आणि एकाने आम्हाला नदीकाठच्या मे लिन्ह चौकात नेऊन सोडलं. तिथे उंच चौथऱ्यावर नदीकडे बोट दाखवत ट्रान हुंग दाओ उभे आहेत. १२८८ मध्ये त्यांनी बाक डांग नदीच्या पात्रात टोकदार खांब रोवले, भरतीला मंगोल आरमार आत ओढलं आणि ओहोटीला जहाजं त्या खांबांवर अडकली. गनिमी काव्याचं शिक्षण या लोकांना घरातच मिळालं होतं.

हे सगळं मी फोटोसकट काकांना सविस्तर लिहून पाठवलं. काकांनी अंगठा दाखवला आणि संध्याकाळी तोच फॉरवर्ड, आमचा फोटो जोडून, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला.